सतरावी ढेप

"खेचर मी घेऊन जाते," इट्टो म्हणाली. "मीठ काय, मलाही विकता येतं."

तिच्या नवऱ्याचा, बस्सूचा पाय सुगीत मोडला होता. फळ्या बांधलेला तो पाय घेऊन तो उठूनच बसला. "चार दिवसांची वाट आहे. तीन खिंडी. बर्फ तोंडावर आलंय. एक वर्ष नाही गेलं तर आभाळ कोसळत नाही."

"तू एक तरी वर्ष चुकवलंस का?"

बस्सू नजर चोरत म्हणाला, "जायचंच तर दुसऱ्या खिंडीपलीकडच्या गावात मीठ संपव आणि माघारी फिर. तिसरी चढू नकोस. आणि दोर हातातला सोडू नकोस. खेचर हट्टी आहे."

इट्टोच्या मनात पाल चुकचुकली होती ती आदल्याच दिवशी. भुशाच्या ढिगात हात घातला, तर निळ्या कागदातली साखरेची अख्खी ढेप हाती आली. पोरीला मागणी घालायला, बाळंतिणीला भेटायला, रुसलेल्याला मनवायला अशी ढेप न्यायची असते. इट्टो आजवर शंभरदा रुसली असेल. बस्सूने कधी खडाही आणला नव्हता. मग ही कुणासाठी?

तिने विचारलं नाही. ढेप गुपचूप गोणीत कोंबली आणि निघाली. ती बाई सापडली की ढेप तिच्याच डोक्यात घालायची, एवढं पक्कं होतं.

वाटेतल्या प्रत्येक गावात तिने मीठ कमी विकलं आणि दारं जास्त न्याहाळली. कोण हसली, कोण आत पळाली, कुणाच्या पोराचं नाक बस्सूसारखं आहे, सगळं पाहून झालं. खेचर मात्र बाजाराच्या ओट्याखेरीज कुठंच थांबलं नाही.

दुसरी खिंड उतरल्यावर झऱ्यावर एक म्हातारी भेटली. "अगं, हे बस्सूचं खेचर ना? तो कुठंय?"

"घरी. पाय मोडलाय. मी बायको त्याची."

"अरे देवा! मग यंदा वर कोण जाणार? दर वर्षी मीठ इथं संपवतो आणि रिकामं खेचर घेऊन तिसरी खिंड चढतो. कशाला रे बाबा, म्हणून विचारलं तर नुसता लाजतो." म्हातारी खुदकन हसली. "तू आपली दोर सोड. त्याला वाट माहीत आहे."

इट्टोने उरलंसुरलं मीठ मिळेल त्या भावाला फुंकलं आणि दोर सोडला.

तिसऱ्या खिंडीवर खेचर डावीकडे वळलं आणि इट्टोला खूण पटली. खाली अक्रोडाची झाडं होती. तिचं माहेर. सतरा वर्षांपूर्वी बापाने ठरवलेलं लग्न मोडून ती बस्सूबरोबर पळाली, ती याच वाटेने. बापाने भर गावात शपथ घेतली होती, की तिचं नावही तोंडातून काढणार नाही. त्या दिवसापासून तिने या खोऱ्याकडे पाठ फिरवली होती.

म्हणजे तुडा! तिची मामेबहीण, गालावर खळी पडणारी, नवऱ्याने टाकलेली. जगात बायका काय कमी होत्या? ज्याच्यापायी बाप सोडला, त्याने शेवटी माझ्याच माहेरी घर करावं? इट्टोला रडूही येईना. तिने ओढणी तोंडावरून घेतली, ढेप हातात धरली आणि खेचरामागे चालू लागली.

तुडाच्या दाराकडे खेचराने ढुंकूनही पाहिलं नाही.

ते थेट टोकाच्या घरासमोर थांबलं. तिच्या बापाच्या दारात. माणसाने वाकून काहीतरी खाली ठेवावं, तेवढाच वेळ ते उंबऱ्यापाशी उभं राहिलं. मग कुणी न हाकता वळलं आणि पाठीमागे कोणी लागल्यासारखं भराभर निघालं. इट्टोने धावत जाऊन दोर पकडला. खेचराच्या गळ्यातली घंटा जोरात वाजली आणि दार उघडलं.

बाप भिंत चाचपत बाहेर आला. त्याचे दोन्ही डोळे पांढरे झाले होते. मागे कोनाड्यात निळ्या ढेपा रांगेने उभ्या होत्या. कडेच्या जुन्या ढेपांचा रंग पार उडाला होता. फोडलेली त्यात एकही नव्हती.

"सापडलास एकदाचा," म्हातारा म्हणाला. "दर वर्षी घंटा ऐकून उठतो, तोवर उंबऱ्यावर ढेप ठेवून पळालेला असतोस. मी काय खातो तुला?"

इट्टोने ढेप त्याच्या हातांवर ठेवली. म्हाताऱ्याने ती वरपासून खालपर्यंत चाचपली.

"ही सतरावी. कोण फोडणार या? शपथ घेतलेला माणूस मी, बोलावणं कुठल्या तोंडाने धाडू? एवढंही कळत नाही तुला, बस्सू? पुढच्या वर्षी साखर नको आणूस, गाढवा. माझी लेक आण."