चढता भाव

एकोणीसशे चोपन्नचा उन्हाळा. आलापल्लीच्या बाजारात मीठ-कापड देऊन चारोळी घेणारा लटारू दिवसभर वाटेकडे बघून भाव ठरवायचा. टोपल्या वाढल्या की भाव उतरवायचा. त्या दिवशी दुपारपर्यंत डोंगराकडून कोणीच आलं नाही. भाव चढणार हे ओळखून त्यानं बाजारात होती नव्हती ती चारोळी घेऊन ठेवली. दिवस कलेपर्यंत भाव दुप्पट झाला.

तेवढ्यात डोंगरातली बुधरी एकटीच टोपली घेऊन आली. लटारू खुशीत म्हणाला, "बोल बाई, आज मांगशीन ते देतो. मीठ पाह्यजे का लुगडं?"

"गावात हैजा लागला, भाऊ. मेलेल्यायवर घालाले कोरं कापड दे."

लटारूचा चेहरा उतरला. "किती लागन?"



"आख्खं थान दे."