चिठ्ठीवरचा नंबर

दुर्गेशने धंतोलीत पेशंटच्या जुन्या सामानाचं दुकान टाकलं. लोकांनी पलंग, वॉकर आणून ठेवायचे आणि विकले गेले की पैसे न्यायचे. पण प्रत्येक गिऱ्हाईक आधी एकच विचारायचं, "हे वापरणारा माणूस बरा झाला ना?" आणि दुर्गेशच्या उत्तरावर कुणी विश्वास ठेवायचं नाही. शेवटी त्याने प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधली. तिच्यावर आधीच्या घरच्यांचा फोन नंबर होता. स्वतःच विचारा, खात्री करा.

पुष्पलताकाकू आजारी नवऱ्यासाठी पलंग पाहायला आल्या. त्यांनी गादी उलटीपालटी केली, दांडे हुंगून पाहिले.

"मेलेल्या माणसाचा पलंग मी घरी नेत नसते. मले गोड बोलून गुंडाळू नको गा."

मग दुकानातूनच चिठ्ठीवरचा नंबर लावला, स्पीकर सुरू करून.

"ठणठणीत आहेत जी," पलीकडची बाई म्हणाली. "आत्ताच भाजी आणाले गेले."

"कोणती भाजी?"

"वांगे अन् सांभाराची जुडी."

तेव्हा कुठे पलंग टेम्पोत चढला.

दोन महिन्यांनी काकू तोच पलंग घेऊन परत आल्या. कपाळावर कुंकू नव्हतं. चिठ्ठी न बांधताच दुर्गेशने पलंग आत सरकवला.



"चिठ्ठी बांध गा, माझा नंबर लिही," काकू म्हणाल्या. "कोणी विचारलं त सांगीन, वांगे अन् सांभार आणाले गेले."