चेहरा जुळत नाही

"हा फोन माह्या तोंडाशिवाय कोणाच्या बापाले उघडत नाही," जितेंद्र म्हणाला, आणि दुर्गेशला तेवढंच पाहिजे होतं.

दुर्गेश म्हणजे जरीपटका वस्तीतल्या त्या गल्लीचा नंबर एक खोडकर माणूस. पन्नाशीला टेकला तरी अंगातली खाज जात नव्हती. पानठेल्यावर उभ्या उभ्या त्यानं पैज लावली : सूर्य बुडायच्या आत याच गल्लीतल्या दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडानं हा फोन उघडून दाखवतो. हरेल त्यानं गल्लीतले सगळे कूलर भरायचे. बादलीनं, सगळ्यांसमोर. एकही सोडायचा नाही.

"एकही" म्हटल्यावर जितेंद्र जरा अडखळला. गल्लीच्या टोकाचा कूलर त्याच्या मोठ्या भावाचा, धम्मानंदचा होता. आणि त्याचं तोंड पाहणार नाही असं तीन वर्षांपूर्वी जितेंद्र याच पानठेल्यावर ओरडून सांगून बसला होता. तेव्हापासून त्या दारापुढून जाताना तो मान फिरवून जायचा. भांडण कशावरून झालं, ते गल्लीत ज्याला त्याला वेगळं माहीत होतं. पण फोन नवा होता, दुकानातल्या माणसानं छातीवर हात मारून खात्री दिली होती. जितेंद्रनं टाळी दिली.

दुर्गेश फोन घेऊन निघाला, मे महिन्याच्या उन्हात. मागे अर्धी गल्ली. कांताबाईसमोर फोन धरला, तर तिनं आधी पदरानं तोंड पुसलं, केस नीट केले, मग पाहिलं. नाही उघडला. अश्विन सावलीत खाटेवर झोपला होता. दुर्गेशनं दोन बोटांनी त्याच्या पापण्या वर केल्या. शिव्या मिळाल्या, फोन नाही उघडला. अश्विनच्या बकरीनं फोन चाटला, तरी नाही.

जितेंद्र मिशीतल्या मिशीत हसत होता. पण एक लफडं होऊन राहिलं होतं. कॅमेऱ्यावरची बकरीची थुंकी पुसून त्यानं फोन स्वतःपुढे धरला, तर फोन म्हणाला, चेहरा जुळत नाही. त्यानं गमछा सोडला. जुळत नाही. घाम पुसला, चष्मा काढला, सावलीत जाऊन सरळ उभा राहिला, पासपोर्टच्या फोटोला राहतात तसा. जुळत नाही. शेवटी नंबर दाबून उघडावा लागला. तोही दुसऱ्यांदा, कारण पहिल्यांदा रागात चुकला.

"उन्हानं होते तसं," तो म्हणाला. कोणी काही विचारलं नव्हतं.

मग त्यानं पाहिलं, तर फोन पुन्हा दुर्गेशच्या हातात आणि दुर्गेश गल्लीच्या टोकाकडे.

"तिकडं काहून चालला बे?"

"तो का पाकिस्तानात राहते का? गल्लीतलाच हाय ना गा."

धम्मानंद नुसत्या बनियनवर, पायरीवर बसून पेपरानं वारा घेत होता. जितेंद्र विजेच्या खांबापाशीच थांबला. आता मोठी पंचाईत झाली. पाहावं तर आपलाच शब्द मोडतो, न पाहावं तर दुर्गेश लबाडी करतो. त्यानं पाहिलं.

"दादा, इकडं पाहा जरा," दुर्गेश म्हणाला. धम्मानंदनं कपाळाला आठ्या घालून मान वर केली. टक् आवाज झाला आणि फोन उघडला.

जितेंद्र तावातावानं पुढे आला आणि दुर्गेशशी भांडू लागला. त्या माणसाच्या डोक्यावर केस नाहीत, मिशी नाही, वयानं दहा वर्षांनी मोठा आहे, यात आपल्यासारखं काय आहे? चुकून झालं असेल. दुर्गेशनं फोन बंद केला आणि पुन्हा धम्मानंदपुढे धरला. टक्. मग तो जितेंद्रपुढे धरला. जितेंद्रचं तोंड लाल, डोळे बारीक, नाकावरून घाम गळत होता. जुळत नाही. पुन्हा धरला. जुळत नाही.

"त्याचा जुळते गा," दुर्गेश म्हणाला. "तुहाच जुळत नाही."

गल्ली खो खो हसली. धम्मानंदला यातलं काहीच कळत नव्हतं. कांताबाईनं त्याला पैज काय होती ते सांगितलं, कूलरसकट. तो उठला आणि आत निघून गेला.

संध्याकाळी बायाबापड्यांनी खुर्च्या बाहेर आणल्या. जितेंद्र नळापासून बादल्या वाहत होता आणि फोनला, कॅमेऱ्याला, दुकानदाराला आळीपाळीनं शिव्या देत होता. दुर्गेश सोबत चालत होता, कोणाची टाकी अर्धवट राहिली ते दाखवत. एकेक घर मागे पडलं, आणि मग टोकाची ती खिडकी आली. कूलर घरघरत होता. जितेंद्रनं मान खाली ठेवूनच बाजूची जाळी सरकवली आणि बादली उचलली.

"थांब," आतून आवाज आला. "पयले बटन बंद करू दे. करंट मारते त्याची बॉडी."

घरघर थांबली. जितेंद्र जागेवरच उभा राहिला, बादली तशीच वर. मग त्यानं ओतली. दुसरी आणली. तिसरी आणली. खिडकीच्या फटीतून धम्मानंद दिसत होता, एक हात भिंतीवरच्या बटनाशी, कपाळावरून घाम गळत असलेला. त्यानं तो पुसला नाही.

चौथ्या बादलीला पाणी काठावर आलं आणि जितेंद्रच्या चपलेवर सांडलं. बटन लागायची वाट पाहत तो उभा राहिला.

"आणखी एक लागन," धम्मानंद म्हणाला.

जितेंद्रनं काठोकाठ भरलेल्या टाकीत पाहिलं. मग रिकामी बादली उचलली आणि फोनला शिव्या देत पुन्हा नळाकडे निघाला.