आबांचं आबाच ठरवतील
अर्धांगवायूनंतर धुळ्याच्या आबांकडे एकच शब्द उरला होता, अहिराणीतला ‘शे’, म्हणजे ‘आहे’. सून कोकिळा शाळेत शिकवायला जाताना पंखा, टीव्ही आणि फोन घरातल्या एआयवर सोपवायची. “सवय बघून तोच ठरवील,” नवरा म्हणाला. “आबांचं आबाच ठरवतील,” म्हणत तिने एआयला बजावलं, “एकेक विचारायचं. ‘शे’ म्हणाले तरच करायचं. गप्प राहिले तर अंदाज बांधायचा नाही.” एकदा मधल्या सुट्टीत तिचा फोन वाजला. “पंखा, टीव्ही विचारलं, आबा गप्प होते,” एआय म्हणाला. “तुम्हाला फोन लावू का विचारल्यावर ‘शे’ म्हणाले.” तिने घाईने विचारलं, “आबा, काही दुखस का?” आबा गप्प. “घर येऊ का?” गप्पच. मग तिने विचारलं, “नुसतं बोलनं शे का?” “शे.” ती वर्गातल्या गमती सांगत बसली आणि पलीकडे आबा हसत राहिले.