एका पात्याचं गणित

संगणकाच्या पडद्यावर चाक फिरू लागलं. कारखान्यात हवा दाबून सोडणाऱ्या यंत्राचं ते पात्यांचं चाक तिनेच आखलेलं होतं. चाचणीच्या दिवशी ते फुटलं आणि यंत्र चालवणारा तिचा नवरा जागीच गेला. 'त्याने वेग मर्यादेबाहेर नेला,' असा चौकशीचा निकाल लागला. साक्ष सासऱ्यांची. ते त्याच कारखान्यात फिटर होते, चाचणीला हजर होते. आणि पोटच्या पोराविरुद्ध खोटं कोण बोलेल?

सगळ्यांनी मान डोलावली. तिची मात्र सुटका नव्हती. मिक्सर लावला की ती चढती घरघर कानात शिरायची आणि नवरा पाठीमागे उभा आहे असं वाटायचं. तेच तिला सोसवत नसे. वेग वाढवणारा माणूसच नव्हता तो. चहासुद्धा मंद आचेवर करायचा, पाहुणे ताटकळायचे.

पाती आखताना तिने एकाच पात्याभोवतीची हवा मोजली होती आणि बाकीची पाती तशीच धरली होती. शितावरून भाताची परीक्षा. या धंद्यात बहुतेक जण तेच करतात, कारण अख्ख्या चाकाचं गणित संगणकाच्या नाकी नऊ आणतं. पण ते करून बघितल्याशिवाय तिला चैन पडेना. कुणालाही उघडून बघता येतं, बदलता येतं असं एक फुकटचं सॉफ्टवेअर तिने घेतलं. अडलं तिथे अनोळखी लोकांना विचारलं, त्यांनी मनापासून सांगितलं. आज अख्खं चाक उभं राहिलं. वेग तिनेच ठरवून दिलेला, त्याहून कणभरही जास्त नाही.

दोन-तीन पात्यांमध्ये हवा तुंबली. मग ती तुंबलेली हवा एकेका पात्याला हादरे देत चाकभर फिरू लागली. हे हादरे पात्यांना झेपणारे नव्हते. एका पात्याच्या गणितात ते दिसलेच नसते.

सासरे बाहेरच्या खोलीत चपलेचा अंगठा शिवत बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन खाली बसली.

"बाबा, चूक माझ्या पात्यांची होती. त्याने वेग वाढवलाच नसणार. तुमच्या बघण्यात काहीतरी गफलत झाली."

सुई थांबली. त्यांनी वर पाहिलं नाही.

"गफलत कसली? तो पडला तेव्हा वेगाची मूठ ठरलेल्या खुणेवरच होती. नंतर ती वर मी नेली. तो तर गेलाच होता, पोरी. तू उरली होतीस."