दोन माणसांचा ठसा

ऋजुताने काचेवर हात ठेवला आणि यंत्र पुन्हा लाल झालं.

"मॅडम, या ठशात दोन माणसं आहेत," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "बाळ अंगावर पितं ना? त्याचे जिवाणू तुमच्या कातडीवर मिसळलेत. चेहरा काय, आता कुणीही बदलतं, म्हणून पासपोर्टला हा जिवाणूंचाच ठसा चालतो. आठवडाभर बाळापासून लांब राहा, म्हणजे तुमचा एकटीचा उमटेल."

नैरोबीचा पंपांचा करार तिनेच जुळवत आणला होता. दुसरं कुणी गेलं, तर तो त्याचाच झाला असता.

"जा गं तू, मी बघते निहारकडे," सासूबाई म्हणाल्या. "बाळ सारखं तुझ्याच अंगावर असतं, हे यंत्राला कळलं; माझ्या लेकाला अजून कळत नाही!"

ती मैत्रिणीकडे राहिली. दूध काढून बाटलीतून घरी पाठवायची. फोनवर निहारचं रडणं ऐकू आलं की फोन ठेवून द्यायची.

आज यंत्र हिरवं झालं. बाईंनी शिक्का मारला. "अभिनंदन! आता तुम्ही अगदी एकट्या."

तेवढ्यात मागे रांगेत कुणाचं तरी तान्हं रडलं आणि ऋजुताला पान्हा फुटला. ओल्या कुडत्यावर पासपोर्ट घट्ट धरून ती बाहेर पडली.