तिसरी पायरी

निकाल दहाला होता. दहाला सात मिनिटं कमी असताना झुमाकानची चाकांची खुर्ची नारिन शहराच्या न्यायालयाच्या पहिल्याच पायरीला अडली.

तिच्या शेजाऱ्यानं, सगिनबायनं, पुन्हा ढकललं. पुढची लहान चाकं दगडावर आपटली आणि तिरकी झाली. तीस वर्षं त्यानं शाळेत हेच उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवलं होतं. चाक, पायरी, जोर नेमका कुठे लावायचा. फळ्यावरच्या पायरीवर बर्फ नसायचा.

दारावरचा पहारेकरी तालांत त्याचाच विद्यार्थी. “अगाय,” गुरुजींना सगळे म्हणतात तसंच तोही म्हणाला, “आजींना राहू द्या खाली. तुम्ही एकटे या.”

“आजी कोणाला म्हणतोस रे?” झुमाकान कडाडली. “माझा लेक एर्मेक आत आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. मी येणार.”

सगिनबायनं खुर्ची उलटी फिरवली. आता मोठी चाकं पायरीकडे झाली. मुठी धरून, अंग मागे झोकून त्यानं ओढलं. एक पायरी चढली. दम खाऊन दुसरी. तिसरीवर कुणीतरी नवी कोरी फरशी बसवली होती. ती थेट चाकाच्या आसाच्या उंचीला आली होती. चाक जागच्या जागी घसरायला लागलं.

“तालांत, खाली ये.”

“दार सोडलं तर नोकरी जाईल, अगाय.”

सगिनबायनं मुठी सोडल्या नाहीत. तालांतनं एकदा मागे पाहिलं, शिवी हासडली आणि धावत खाली आला. वाकून त्यानं आसाला हात घातला.

“तिथं नाही! वर धर, चाकाच्या माथ्याला, आणि फिरव. शिकवलं होतं ना?”

“तेव्हा झोपलो होतो मी.”

दोघांनी मिळून हिसडा दिला. झुमाकाननं मांडीवरचं, एर्मेकसाठी आणलेलं लोकरी कपड्यांचं गाठोडं छातीशी आवळलं. चाक फरशीच्या कडेवर क्षणभर अडलं आणि वर आलं.

ते दालनापाशी पोचले तेव्हा माणसं बाहेर पडत होती. एर्मेकच्या वकीलबाई कोटाची बटणं लावत थांबल्या.

“नऊ वर्षं,” त्या म्हणाल्या. “निकाल वाचायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तो सारखा दाराकडे बघत होता.”

“कुठाय तो?” झुमाकाननं विचारलं.

“मागच्या दारानं नेलं.”

सगिनबायनं खुर्ची पळवली. बोळ लांब होता, सपाट होता. चाकं भरभर गेली. मागचं दार सताड उघडं होतं. कैद्यांची गाडी फाटकातून वळली आणि दिसेनाशी झाली.

झुमाकान गाठोडं दोन्ही हातांत पुढे धरून तशीच बसली होती.

दाराच्या उंबऱ्यापासून अंगणापर्यंत सिमेंटचा रुंद, गुळगुळीत उतार होता. त्यावरचा बर्फ पहाटेच खरवडून काढलेला होता. कुणाचा पाय घसरू नये म्हणून वर राख पसरली होती.